मवद्दत आणि रहमत

माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे. तिच्या रिश्त्याची बोलणी घरात सुरू झाली, तशी एके रात्री पोळ्या लाटताना ती म्हणाली, "अम्मी, मोहब्बत वगैरे काही नसतं. ऑक्सिटोसिन नावाचं रसायन असतं. ते ओसरलं की संपलं. त्यावर जन्माचा करार कसा करायचा?"

मी उर्दू-मराठी शिकवणारी. विज्ञान माझा विषय नव्हे. पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून वाचत बसले.

प्रेअरी व्होल हा अमेरिकेतल्या गवताळ रानातला उंदरासारखा प्राणी. नर-मादी जोडीने राहतात, पिले मिळून वाढवतात. याचे श्रेय वर्षानुवर्षे ऑक्सिटोसिनला दिले गेले. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी असे व्होल तयार केले, ज्यांच्या शरीरात या रसायनाचा संदेश घेणारी व्यवस्थाच नव्हती. तरीही त्यांच्या जोड्या जमल्या! उंदराचा हिशेबसुद्धा एका रसायनात बसत नाही.

शरीराचा वाटा मात्र मी नाकारत नाही. ओढ अल्लाहनेच ठेवली आहे. पण ओढ तर आमच्या कारंजा तालुक्यातल्या काळविटालाही असते. नर आपली जागा राखतो, माद्या येतात, जातात; पिलाकडे तो पाहतही नाही. सूरह रूमच्या 21व्या आयतीत जोडीदारांसाठी दोन शब्द आले आहेत, मवद्दत आणि रहमत. प्रेम आणि दया. पहिला पुरेसा असता तर दुसरा कशाला आला असता?

कधी दुसऱ्यातून पहिला उगवतो. नागपूरच्या एका लग्नघरात सगळी गडबड सोडून म्हाताऱ्या मोलकरणीला धुण्यात हात देणारी मुलगी बाबा आमट्यांनी पाहिली आणि तिलाच मागणी घातली. 1946 मध्ये त्यांचे लग्न झाले. तीच साधनाताई वरोऱ्याच्या माळावर कुष्ठरुग्णांमध्ये, लहान मुलांना घेऊन, त्यांच्यासोबत राहिली. पुढे मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसणे अशक्य झाले, तेव्हाही सोबत तीच.

इतके लांब तरी कशाला जायचे? माझ्या अम्मीला आता कुणी ओळखू येत नाही. अब्बा रोज फजरनंतर तिचे केस विंचरतात, वेणी घालतात. वेणी वाकडीच येते. अम्मी त्यांना "भाईसाहब" म्हणते आणि ते "जी" म्हणून ओ देतात.