अडलेला बोल्ट

जगांत हट्टी प्राणी पुष्कळ आहेत. परंतु आठ पावसाळे जिन्याखालीं काढलेल्या मोटारसायकलीच्या बोल्टाइतका हट्टी प्राणी आमच्या पाहण्यांत नाहीं. विद्यार्थी कितीहि मठ्ठ असला तरी वर्षाच्या अखेरीस तो आमच्या वर्गांतून बाहेर पडतो. बोल्ट पडत नाहीं.

आमची चाळ गिरगांवांत, चौपाटीपासून थोड्याच अंतरावर. ती पाडून तेथें उंच इमारत उठावयाची आहे, आणि महिन्याच्या अखेरीस खोल्या रिकाम्या करून द्यावयाच्या आहेत. भांडीकुंडीं गेलीं, पुस्तकांचीहि सोय लागली. राहिली ती जिन्याखालची बुलेट. आमच्या वडिलांनीं ती १९७८ सालीं घेतली. वडील गेल्यास आठ वर्षें झालीं आणि तेव्हांपासून ती जागची हललेली नाहीं. मागचें चाक ब्रेकसकट गंजून जखडलें होतें. आणि जी गाडी ढकलतां येत नाहीं, ती न्यावयाची कशी? भंगारवाला दोनदां येऊन वजनाचा भाव सांगून गेला होता. तिसऱ्या खेपेस त्याला नाहीं म्हणण्यास आमच्यापाशीं कांहीं कारण असावें, एवढ्यासाठींच आम्हीं पाना हातीं घेतला.

खरें सांगावयाचें तर पान्याशीं आमचा परिचय बेताचाच. वडिलांचीं हत्यारें बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यांत असत, आणि त्या डब्यास हात लावण्याची आम्हांस मुभा नव्हती. "तूं आपला वाच," असें ते म्हणत. ह्या तीन शब्दांत कौतुक किती आणि निराशा किती, ह्याचा उलगडा आम्हांस पन्नाशी उलटली तरी झालेला नाहीं. डबा माळ्यावर होता. तो काढण्याचें धैर्य न होऊन आम्ही नागदेवी स्ट्रीटवर गेलों आणि चकचकीत नव्या पान्यांचा एक संच घेऊन आलों.

सायलेन्सर काढल्यावांचून चाकाच्या आंसापर्यंत हात नीट पोंचत नव्हता. सायलेन्सरला चौकटीशीं बांधणारा एकच बोल्ट. तेरा नंबरचा पाना त्याच्या डोक्यावर बसेना. चौदाचा बसला, पण किंचित् सैल. 'बळी तो कान पिळी' हें वचन स्मरून आम्हीं आपला सर्व भार त्यावर टाकला. पाना फिरला, आम्हीहि फिरलों. बोल्ट मात्र जेथल्या तेथें, आणि त्याच्या षट्कोनाचे कोपरे पेढ्यासारखे गोल झालेले!

ह्यांतील रहस्य पुढें कळलें. जोसेफ व्हिटवर्थ नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें १८४१ सालीं मळसूत्राच्या आट्यांस ५५ अंशांचा कोन देऊन त्यांचीं मापें ठरवून दिलीं. इंग्लंडांत जन्मलेली बुलेट १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागली, तरी तिच्या अंगचे पुष्कळ बोल्ट त्या विलायती मापाचेच राहिले. शिवाय व्हिटवर्थच्या पान्यावरील अंक डोक्याची रुंदी सांगत नाहीं, बोल्टाची जाडी सांगतो. पाव इंची म्हणून जो पाना ओळखला जातो त्याचें तोंड सुमारें १३.३ मिलिमीटर असतें; म्हणजे तेराहून मोठें आणि चौदाहून लहान. आम्ही इंग्रजी वाङ्मय तीस वर्षें शिकवीत आहोंत, पण इंग्रजांचा हा एवढा एक अंक आम्हांस ठाऊक नव्हता.

शेवटीं आम्हीं लालबागच्या मिस्त्रींस बोलावलें. ते तेथल्या एका गिरणींत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यांत त्यांचें काम गेलें तें गेलेंच. पुढें परळला रस्त्याच्या कडेस त्यांनीं दुरुस्तीचें दुकान मांडलें, आणि आमचे वडील तेथें जाऊन तासन्‌तास बसत. मिस्त्रींनीं तो गोल झालेला बोल्ट पाहिला, आमच्याकडे पाहिलें, आणि सज्जनपणें कांहींच बोलले नाहींत. फक्त म्हणाले, "सर, आतां दोन दिवस ह्याला जोर लावायचा नाहीं. आणि तात्यांचा डबा कुठें आहे?"

डबा निघाला. त्यांत पाव इंची पाना होता, हें सांगावयास नकोच.

बोल्ट अडतो म्हणजे काय होतें, हें मिस्त्रींनीं आम्हांस समजावून दिलें. लोखंडाचा गंज मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा अडवितो. आट्यांमधील चिमूटभर फट त्यानें भरून गेली कीं नट आणि बोल्ट एकजीव होतात. समुद्राची खारट हवा ह्या कामीं मोठी तत्पर. अशा वेळीं ताकद लावली तर मान मोडते ती बोल्टाची. पूर्वीं घासलेट घालीत. तें आतां सहजासहजीं मिळत नाहीं, म्हणून मिस्त्रींनीं डिझेल आणि इंजिनचें तेल एकत्र केलें. चिरंजीवांनीं मोठ्या हौसेनें डब्ल्यूडी-४० चा डबा पुढें केला. हें द्रव्य १९५३ सालीं सॅन डिएगो येथें पाणी हटविण्यासाठीं केलेल्या चाळिसाव्या प्रयोगांत साधलें, म्हणून त्याचें हें नांव. "हें पण चालेल," मिस्त्री म्हणाले, "पण घाई चालणार नाहीं." तारेच्या ब्रशानें गंज झाडून तेल सोडावयाचें, हातोडीनें हलके ठोके द्यावयाचे आणि उठून जावयाचें. ठोक्यानें गंजास तडे जातात आणि केशाकर्षणानें तेल त्यांत शिरतें. आम्ही दोन दिवस कॉलेजांतून येतांच कपडे न बदलतां जिन्याखालीं ठोके देत बसलों. शेजाऱ्यांनीं ह्याचा काय अर्थ केला तें त्यांस ठाऊक.

तिसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं प्रथम पेट्रोलची टाकी उतरवून दूर अंगणांत ठेवविली. रिकाम्या टाकींतील वाफ भरल्या टाकीहून अधिक घातकी असते. मग गॅसच्या ज्योतीनें नट तापविला, आणि तो गरम असतांनाच देवघरांतील मेणबत्ती त्यास टेकविली. मेण विरघळून आट्यांत ओढलें गेलें. बोल्टाच्या गोल डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजू कानशीनें घासून त्यांवर बारा नंबरचा पाना ठोकून बसविला. आणि मग त्यांनीं तो बोल्ट आवळला!

आम्हीं चूक दाखविण्यासाठीं तोंड उघडलें, तोंच एक बारीकसा 'कट्' असा आवाज झाला. केसभर आवळल्यानें गंजाची पकड सुटली होती. मग पाव फेरा उलट, थोडा सुलट, पुन्हां उलट, असें करीत बोल्ट बाहेर आला. त्याचे आटे कोरडे, विटेसारखे लाल.

त्या मानानें चाकाच्या आंसाचा नट म्हणजे आठ वर्षांचा जुना, भला दांडगा. पण तो वडिलांच्या पान्यानें दुसऱ्याच हिसक्यास सुटला. आट्यांवर काळें ग्रीस अजून ओलें होतें. मिस्त्रींनीं तें बोटावर घेऊन पाहिलें. "हा तात्यांनीं लावलेला. ते ग्रीसशिवाय नट लावीत नसत. तो दुसरा कुणी लावला?"

तो आम्हीं लावला होता. वडिलांच्या शेवटच्या वर्षीं सायलेन्सर वाजूं लागला होता आणि त्यांना वाकवत नव्हतें. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनीं आम्हांस, आयुष्यांत प्रथमच, पाना दिला. "आधीं ग्रीस लाव," असें ते म्हणाले होते. वर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता. आम्हीं "हो" म्हटलें आणि कोरडाच आवळून टाकला. त्यांनीं तें पाहिलें कीं नाहीं, कोण जाणे. गेले तीन दिवस आम्ही मनांतल्या मनांत त्यांच्याच घट्ट हातास बोल लावीत होतों.

हें आम्हीं मिस्त्रींस सांगितलें. ते "असूं द्या" म्हणाले आणि ब्रेकच्या नालांवर ठोके देऊं लागले. ते सुटल्यावर चाक कुरकुरत फिरलें. नवा बोल्ट आम्हींच बसविला. डब्याच्या तळाशीं ग्रीसची डबी होती. त्यांत बोट घालून आटे नीट माखले, आणि मिस्त्रींनीं मान हलविल्यावरच पाना लावला.

रविवारीं आम्ही आणि चिरंजीव गाडी ढकलीत गल्लीच्या तोंडापर्यंत घेऊन गेलों. भंगारवाला पानाच्या गादीपाशीं उभा होता. "साहेब, चालू झाली काय?" त्यानें विचारलें.

"नाहीं," आम्हीं म्हटलें, "पण चाक फिरतें."