सात कागद आणि एक तार

चि. ईशान यास,


एपी युरोपियन हिस्टरी घेतलीस हे दादाकडून कळलं. तुझी तक्रारही कळली: बहुपर्यायी प्रश्न जमतात, पण डीबीक्यूत, म्हणजे कागदपत्रांवर आधारलेल्या निबंधात, मार्क जातात. जाणारच. सात कागद समोर ठेवतात आणि तासाभरात त्यांच्या जोरावर तुला तुझी बाजू मांडायची असते. तू सातही कागदांचा सारांश लिहून मोकळा होत असणार. माझ्या कॉलेजातली मुलंही तेच करायची, आणि वर ‘मॅडम, सगळं लिहिलंय’ म्हणून भांडायची.

कागद काय म्हणतो हे परीक्षकाला ठाऊक असतं. तो कुणी, कुणासाठी, कशापायी लिहिला, हे तुझ्याकडून हवं असतं.

जर्मनीच्या एकीकरणाच्या प्रकरणात बहुतेक पुस्तकांत एक चित्र असतं, ते काढ. व्हर्सायचा आरसेमहाल, 18 जानेवारी 1871, जर्मन साम्राज्याच्या घोषणेचा समारंभ. उंचावर प्रशियाचा राजा विल्हेल्म, समोर तलवारी उंचावलेले अधिकारी आणि नजर जाईल तिथे पांढऱ्याशुभ्र गणवेशातला त्याचा पंतप्रधान बिस्मार्क. चित्रकार आन्टोन फॉन वेर्नर समारंभाला स्वतः हजर होता. म्हणजे साक्षीदार पक्का? अरे, बिस्मार्क त्या दिवशी निळ्या गणवेशात होता. चित्रात त्याच्या अंगावर ‘पूर ल मेरित’ हा सन्मान दिसतो, तो त्याला मिळाला 1884 मध्ये. युद्धमंत्री रोन तर आजारपणामुळे तिथे नव्हताच, तरी चित्रात उभा आहे! हे चित्र 1885 चं, बिस्मार्कच्या सत्तरीला राजघराण्याने दिलेली भेट. वेर्नरनेच 1877 मध्ये बर्लिनच्या राजवाड्यासाठी हाच प्रसंग रंगवला होता. त्यात बिस्मार्क असा डोळ्यांत भरत नव्हता. ते चित्र दुसऱ्या महायुद्धात गेलं, आणि पुस्तकांत राहिला पांढरा बिस्मार्क.

आता यावर ‘चित्र खोटं आहे’ एवढंच लिहिलंस तर हाती काही लागणार नाही. 1871 मध्ये काय घडलं याचा हा पुरावा कच्चा आहे. पण 1885 मध्ये एकीकरणाचं श्रेय कुणाच्या पदरात घातलं जात होतं, याचा पक्का.

एम्सच्या तारेचं प्रकरण याहून चविष्ट. जुलै 1870. विल्हेल्मच्याच होहेनझोलर्न घराण्यातल्या लिओपोल्डने स्पेनच्या गादीवरचा दावा सोडला होता, म्हणजे फ्रान्सशी भांडण मिटल्यात जमा. तरी फ्रेंच राजदूत बेनेदेत्ती एम्सला विल्हेल्मपाशी गेला: पुन्हा कधी असा दावा होऊ देणार नाही, अशी हमी द्या. राजाने नकार दिला. ही हकीकत 13 तारखेला तारेने बर्लिनला आली, आणि ती छापायची की नाही हे बिस्मार्कवर सोपवलेलं होतं. त्याने मजकूर असा छाटला की राजाने राजदूताला दारातूनच परत पाठवलं असं वाटावं. 19 जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं.

सेनाप्रमुख मोल्टके आणि रोन त्या रात्री त्याच्याकडे जेवायला होते, दोघांची तोंडं उतरलेली, छाटलेला मजकूर ऐकताच त्यांची भूक परतली, हा नाट्यमय भाग आपल्याला कुठून कळतो? बिस्मार्कच्याच आठवणींतून, ज्या तो गेल्यावर 1898 मध्ये बाहेर आल्या. पदावरून दूर झालेला म्हातारा, युद्ध आपणच कसं जुळवून आणलं ते रंगवून सांगतोय. तार हा एक कागद, आठवणी हा दुसरा, दोन्हींत एकच माणूस, पण हेतू निरनिराळे. किमान दोन कागदांचं असं उकलून दाखवलंस की त्या सदरातला मार्क तुझा. हो, आणि पॅरिसला विसरू नकोस. तिथले मंत्री आणि वर्तमानपत्रंही युद्धाला काही कमी उतावीळ नव्हती. सगळं खापर बिस्मार्कवर फोडलं, तर त्याच्याच आठवणींवर विश्वास ठेवल्यासारखं होईल.

इटलीच्या प्रकरणात मॅझिनी भेटेल. सावरकरांनी लंडनमध्ये बसून त्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं. ते 1907 मध्ये छापलं गेलं आणि सरकारने त्यावर बंदी घातली. परीक्षेत हे विचारणार नाहीत. पण एका इटालियन माणसाचं लेखन मराठी पोरांना का हवंसं झालं आणि इंग्रजांना त्याची धास्ती का वाटली, यावर दादाशी एकदा बोल. त्याला मतं भरपूर आहेत.

पुढच्या आठवड्यात एक डीबीक्यू लिहून फोटो पाठव. वेळ लावूनच लिही. सारांश आला तर लाल शाई तयार आहे.

तुझी,
आत्या