मागून येणाऱ्यांसाठी

संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा आमच्यापैकी कोणीही अजून डॉक्टर झालेले नव्हते, आजही नाही. याच शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडून सध्या पुण्यात वैद्यकीय, परिचर्या आणि औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेणारे आम्ही माजी विद्यार्थी. पदवी हाती येण्यापूर्वी काय करता येते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

महिन्यातील दोन रविवारी आम्ही ताडीवाला रस्त्यावरील वस्तीत जातो. औषध देण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि आम्ही ते देत नाही. रक्तदाब मोजतो, वहीत नोंद करतो आणि गरज दिसल्यास त्या माणसाबरोबर रुग्णालयात जातो. केसपेपर कोठे काढावयाचा, अहवाल कधी मिळणार, हे न उमगल्याने रोजंदारी बुडवून आलेला माणूस दुपारी तसाच परततो आणि पुन्हा म्हणून येत नाही. एका आजींनी प्रथम विचारले, ‘‘बाळा, तू कुनाचा?’’ गाव, तालुका, आडनाव सांगून झाल्यावरच त्यांनी तळपायाची जखम उघडून दाखविली. साखरेची तपासणी त्यांनी कधीच केलेली नव्हती.

या शहराला अशा कामाची जुनी ओळख आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात रुग्णसेवा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आलेल्या सावित्रीबाईंना स्वतःलाच लागण झाली व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. आमच्या काळात, २०१५ मध्ये, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम सुरू केला. गरीब घरांतील मुलांना ‘नीट’चे विनामूल्य मार्गदर्शन करणारे हे काम पुढे मेळघाट आणि गडचिरोलीपर्यंत पोहोचले. नुकतीच परीक्षा दिलेल्याने पुढच्याला शिकवावे, ही कल्पना आम्ही त्यांच्याकडूनच घेतली.

म्हणून उरलेले रविवार शाळेच्या अकरावी-बारावीच्या मुलांचे. ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, हे ऐकून मुले सुखावतात. भौतिकशास्त्र मात्र रडविते. पण गुणांइतकाच वेळ आम्हाला कागदपत्रांवर द्यावा लागतो. राखीव जागेवरील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा उपयोगी पडतो. आजोबांचा शाळेचा दाखला आणा, असे म्हणणे सोपे आहे. आमच्यापैकी बहुतेकांचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते! अशा वेळी तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढावी लागते. हे सांगणारे घरात कोणी नसते. खाजगी शिकवणीतही हे कोणी सांगत नाही. निकाल लागल्यावर धावपळ सुरू झाली की हातची जागा जाते. म्हणून आम्ही अकरावीच्या पहिल्याच महिन्यात प्रत्येकाची एक फाईल उघडतो.

या वर्षी माण तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या फाईलने आम्हा सर्वांना कामास लावले. तिच्या वडिलांनी मजुरीचे तीन दिवस मोडून नक्कल मिळविली, ती मोडी लिपीत. वसतिगृहात ती कोणालाच वाचता येईना. अखेर एक मोडी जाणणारे निवृत्त गृहस्थ भेटले. त्यांनी भिंग घेऊन ओळ लावली: तिच्या आजोबांच्या जन्माची नोंद, पणजोबांचे नाव, जात, गाव. वडिलांनी ते नाव दोनदा वाचावयास लावले. त्यांनी ते आजवर कागदावर पाहिले नव्हते.

अधिकृत लिप्यंतर जोडून प्रस्ताव पडताळणी समितीकडे गेला आहे. मुलगी सध्या भौतिकशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवीत आहे. मोडी वाचू शकणाऱ्या आणखी कोणाची ओळख आपणास असेल, तर शाळेच्या कार्यालयात नाव अवश्य नोंदवावे. अशा दोन फाईली अजून थांबल्या आहेत.