उमलायला वेळ लागतोच

कळी हाताने उलगडली तर फूल मिळत नाही, पाकळ्या तेवढ्या हाती येतात. गॅलरीतल्या कुंडीने ही गोष्ट बहुतेक घरांना शिकवलेली असते. मुलांच्या बाबतीत मात्र तिचा विसर पडतो. दहावीला अमुक टक्के, मग तमुक शाखा, पंचविशीत नोकरी! सारे कसे वेळापत्रकाप्रमाणे उमलायला हवे.

राहुल मिश्रा यांची वाटचाल अशा वेळापत्रकात बसणारी नव्हती. जन्म उत्तर प्रदेशातील मल्हौसी या खेड्यातला. कानपूरला त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि मग वळले ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे. २००६ मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये त्यांनी पदार्पण केले, तेही केरळच्या साध्या हातमागाच्या कापडातून. फेब्रुवारी २०१४ मध्ये मिलानला आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

त्या पुरस्कारप्राप्त संग्रहाची कल्पना होती कमळाची. डच चित्रकार एशर यांच्या चित्रांत एक आकार नकळत दुसऱ्यात मिसळून जातो. तशीच मेरिनो लोकरीच्या कापडावरची भौमितिक नक्षी हळूहळू कमळाचे रूप घेत गेली. चौकटीतून फुलाकडे जाणारा हा प्रवास डिझायनरच्या स्वतःच्या वाटेशीही किती मिळताजुळता!

पण कागदावर काढलेले कमळ कापडावर उमलते ते कारागिराच्या हातून. आरीकाम करणारा लाकडी अड्ड्यावर कापड ताणून बसतो. वरच्या हातात आकड्याची सुई, खालचा हात धागा पुरवणारा. दिवसभर पाठ वाकलेली, नजर टाक्यावर खिळलेली. या कामासाठी कित्येकांना गाव सोडून शहरातील झोपडपट्टीत राहावे लागते. म्हणूनच कारागिराने कामामागे शहरात येण्याऐवजी काम त्याच्या गावी जावे, असा मिश्रा यांचा आग्रह आहे. निसर्गाचे गोडवे गाणारे कपडे पुष्कळ असतात. ते शिवणाऱ्यालाही स्वतःच्या मातीत वाढू द्यावे, हा विचार विरळाच.

असे महागडे पोशाख सामान्य घरात येणार नाहीत, हे खरेच. परंतु लग्नसराईत भरतकामाचा ब्लाउज प्रत्येक घरात शिवला जातो. तेव्हा मागणी एकच असते, "परवा हवा, आणि दर जरा कमी करा." यंत्राचे काम स्वस्त मिळते, मग हाताच्या कामाची घासाघीस अधिकच वाढते. रात्री जागून तो ब्लाउज पूर्ण करणारीलाही घर असते, डोळे असतात.

आठ दिवस आधी कापड दिले आणि ठरलेला मोबदला हसतमुखाने हातावर ठेवला, तर आपले फारसे काही जात नाही. समोरच्या हातांना मात्र उद्याही सुई धरावीशी वाटते.