कंबर 36

अमरावतीच्या राजापेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. 2021 च्या दसऱ्याआधी स्वतःसाठी पँट कापायला घेतली. सवयीनं कागदावर कंबर 36 लिहिलं आणि सहज टेप लावली, तर 32 भरली. टेप सोडून पुन्हा लावली. तेवढीच.

घास मात्र त्याच्या नऊ महिने आधीपासून अडकत होता. ज्वारीची भाकर छातीच्या खाली, बरगड्या जिथं मिळतात तिथं थांबायची आणि पाण्याचा घोट घेतला की उतरायची. बायको ताट उचलताना विचारायची, "काहून हो, आज बी भाकर तशीच ठेवली?" मी म्हणायचो, पित्त झालं. डॉक्टरांकडं गेलो तेव्हाही जळजळ होते एवढंच सांगितलं. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, थोडं बरं वाटलं, आणि त्याच गोळ्या सात महिने चालल्या. अडकतं कुठं, वजन किती उतरलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. त्यात 22 फेब्रुवारीला अमरावतीत लॉकडाऊन लागला. दवाखान्यात जायचं म्हणजे कोरोना घरी आणायचा, अशी भीती. पोटाचं दुखणं मागं पडत गेलं.

टेपनं जे दाखवलं ते मुलीला सांगितलं. ती नर्सिंग शिकलेली. तिनं ताटाकडं नाही, माझ्या मनगटाकडं पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी दुर्बीण (एंडोस्कोपी) करायला नेलं. अन्ननलिका जठरात उतरते त्या तोंडाशी, जठराच्या वरच्या भागात गाठ होती. तुकडा तपासून आला. कॅन्सर.

संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेलो, परळच्या टाटा हॉस्पिटलला. उतरलो दादरला, संत गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत. तिथं सगळी खोकणारी, टक्कल पडलेली, नळ्या लावलेली माणसं आणि त्यांची घरची. परक्या शहरात आपल्यासारख्यांना परवडणारी जागा मिळणं हाही उपचारच असतो, हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. बाबा आमच्या जिल्ह्यातले, शेंडगावचे. 1956 च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांनी देह ठेवला. समाधी आमच्याच गावात आहे. लहानपणापासून तिथं नमस्कार केला, पण त्यांनी सुरू केलेलं काम कुणासाठी आहे ते दादरला उमगलं.

सर्जनना मी पहिल्याच भेटीत विचारलं, "साहेब, ऑपरेशननंतर किती वर्षं?" ते म्हणाले, "वर्षं मी सांगणार नाही. कशावर ठरतं ते सांगतो." आणि कागदावर जठराची भिंत काढली. आत अस्तर, मग स्नायूचा थर, बाहेर पातळ पापुद्रा. रोग अस्तरातच असेल तर माणूस बहुधा बरा होतो. तो जसजसा बाहेरच्या थराकडं सरकतो तसतशी आशा कमी होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाठी. जठराभोवती लसिकाग्रंथी असतात. त्यांतल्या किती गाठींत रोग पोहोचला यावर पुढचं बरंचसं अवलंबून. म्हणूनच ऑपरेशनमधे किमान पंधरा-सोळा गाठी तरी काढून तपासाव्या लागतात. कमी तपासल्या तर "रोग नाही" या शब्दाला अर्थ राहत नाही. तिसरी गोष्ट, कापलेली कड स्वच्छ हवी. ही मला समजावून सांगावी लागली नाही. कापड फाटलं तर फाटक्या जागेच्या पुढं, धड कापडात कात्री चालवावी लागते.

पण आधी केमो. मला वाटलं, ऑपरेशन पुढं ढकलतायत. मुलीनं समजावलं, "बाबा, आधी गाठ आवळून घ्यायची, आणि रक्तात कुठं पेशी सुटल्या असतील तर त्याही मारायच्या." तिनं 2006 सालच्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे दाखवले. नुसतं ऑपरेशन झालेल्या शंभरांतले 23 पाच वर्षांनी जिवंत होते, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो घेतलेल्यांतले 36. पुढं 2019 मधे जर्मनीतल्या चाचणीत चार औषधांच्या नव्या केमोचा निकाल त्याहून चांगला आला. मला तीच दिली. दर पंधरा दिवसांनी एक अशा चार, आणि ऑपरेशननंतर आणखी चार.

केमोच्या त्या पहिल्या दोन महिन्यांत आमच्या घरातलं खरं काम वजनाचं होतं. सुकलेल्या, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलेल्या माणसाचे टाके लवकर धरत नाहीत, असं आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं. बायको दर दोन तासांनी काहीतरी पुढं करायची: ज्वारीच्या पातळ कण्या, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं कुस्करून. केमोनं तोंडाला लोखंडाची चव यायची, तरी गिळायचो. तंबाखूचा खर्रा तीस वर्षांचा होता, तो पहिल्या दिवशी सुटला. फुफ्फुसं तयार राहावीत म्हणून श्वासानं गोळे वर ओढायचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, ते दुकानात मशीनशेजारी ठेवलं. गिऱ्हाईक विचारायचं, मी सांगायचो. लपवलं नाही.

2022 च्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. जठर पूर्ण काढलं आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. तो जोड उसवला तर जिवावर बेततं. पहिले आठ-दहा दिवस सगळ्यांचं लक्ष ताप आणि नळीतून येणाऱ्या पाण्यावर होतं. ही ऑपरेशनं जिथं रोज होतात तिथं असा बिघाड लवकर ओळखला जातो आणि माणूस वाचतो. मुंबईचा प्रवास त्यासाठीच करायचा. माझा जोड टिकला.

रिपोर्ट आला: 31 गाठी तपासल्या, दोन गाठींत रोग. कड स्वच्छ. खोली स्नायूच्या थराच्या पलीकडं. सर्जन म्हणाले, "कड आणि केमो आपल्या बाजूनं आहेत." खोलीबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या नऊ महिन्यांत ती किती वाढली, हा हिशेब मी रात्री अनेकदा मांडला आहे. तो लागत नाही.

रोग परतायचा तर बहुतेकांना पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. माझी ती वर्षं गेली. थोडं थोडं, सहा वेळा जेवतो. गोड पटकन खाल्लं तर घाम फुटतो, छाती धडधडते, म्हणून पोळ्याला पुरणपोळी अर्धीच. जठर नसल्यानं बी-12 अन्नातून अंगी लागत नाही, त्याचं इंजेक्शन जन्मभर. कंबर 31 वर थांबली आहे.

राजापेठेत, बडनेऱ्यात, दर्यापुरात, कुठंही हे वाचत असाल आणि भाकर पाण्याशिवाय उतरत नसेल, तर डॉक्टरांना "पित्त" म्हणू नका. "घास अडकतो, वजन उतरतंय" असं सांगा आणि दुर्बीण करून मागा. माझ्या तपासणीला पंधरा मिनिटं लागली होती.