भंडाऱ्यावरचा जमाखर्च

देहूला येणारी मंडळी इंद्रायणीच्या डोहाशी हात जोडतात, गाथामंदिराच्या भिंतींवर कोरलेले अभंग पाहतात आणि परतीला लागतात. इंदोरीजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जातात तीही बहुधा मोटारीने, कारण रस्ता आता थेट माथ्यापर्यंत गेला आहे. मी पायी चढलो. यात पराक्रम काही नाही. डोंगर बेताचाच, चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकालाही दमादमाने जमतो. वर बौद्ध लेणी आहेत. म्हणजे तुकोबांच्या आधी कित्येक शतके माणसे इथे एकांतासाठी येत होती.

तुकोबा आले ते मात्र पोळून. घरी महाजनकी, वाण्याचे दुकान, सावकारी. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने दिवाळे काढले. थोरली बायको अन्नावाचून गेली. पुढे आपल्या वाटणीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. मला नेहमी वाटते, खते बुडाली तरी वाण्याची हिशेबाची सवय काही बुडाली नाही. या डोंगरावर त्यांनी वही उघडली ती स्वतःची. (दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घरांना हे चटकन पटेल.)

‘आत्मशोध’ हा शब्द मी गेली कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. मुले तो उतरवून घेतात, परीक्षेत जसाच्या तसा परत करतात. त्यांना गुण मिळतात, मला पगार. शब्द ऐकून वाटते, आत कुठे तरी एखादे रत्न लखलखत असेल. गाथेत आधी सापडतात त्या उधाऱ्याच! आपली जात, धंदा, बुडालेली पत, लोकलाज, बायकोचा मृत्यू, कीर्तनातले सुरुवातीचे कच्चेपण, हे सारे तुकोबा एखाद्याने चावडीवर जबानी द्यावी तसे सांगतात. कुणबी जन्म दिल्याबद्दल तर ते देवाचे आभार मानतात. नाही तर ढोंगाने आपला घात झाला असता, असा त्यांचा भाव. जन्माचा तोरा मिरवणाऱ्यांना यात चिमटा आहेच. पण लोकांनी जे उणे ठरवले ते या माणसाने जमेच्या बाजूला मांडले आणि मग तिथे खाडाखोड केली नाही.

देवळामागच्या एका खडकावर मी अर्धा तास गप्प बसलो. खाली चाकणकडचे कारखाने उन्हात चमकत होते. मनात आधी बसची वेळ आली, मग तपासायचे पेपर. बऱ्याच वेळाने आजी आली. आम्ही माणदेशातले. शहरात शिकायला आलो तेव्हा घरची बोली मी नीट घडी घालून ठेवली होती. आजीच्या तोंडचे कितीक शब्द गाथेत भेटतात आणि वर्गात मी त्यांचे अर्थ सांगतो ते परमुलखातल्या पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे.

उतरताना एक वारकरी म्हातारी पायरीवर टेकली होती. माझ्याकडे निरखून पाहत तिने विचारले, “कंच्या गावचं म्हनायचं, बाबा?”

“लई लांबचं हाय, आजी. मानदेशातलं.”

“मंग बस की जरा,” ती म्हणाली आणि पिशवीतून भाकरीचे गाठोडे काढू लागली.