शिआनमध्ये भेटला ओळखीचा भिक्षू

परदेशच्या सहलीचा पहिला दिवस कार्यक्रमपत्रिकेच्या मालकीचा असतो. आपण फक्त पाय पुरवायचे. चीनमधल्या शिआन शहरी आम्हां बावीस मराठी मंडळींच्या हाती जी पत्रिका पडली, तिच्यात सकाळी आठ ते रात्री नऊ हा वेळ एखाद्या गृहिणीने ट्रंक भरावी तसा ठासून भरला होता. मातीचे सैन्य, शहराचा तट, बौद्ध मनोरा, रेशमाचे दुकान आणि शेवटी मुसलमान मोहल्ल्यात जेवण! त्यातल्या मनोऱ्यापुढे ‘बाहेरून छायाचित्रे, वीस मिनिटे’ एवढाच मजकूर होता. पुढे रामायण घडले ते या वीस मिनिटांवरून.

शिआन म्हणजे पूर्वीचे चांगआन, तांग सम्राटांची राजधानी. रेशीममार्गाचे तांडे येथूनच पश्चिमेची वाट धरीत. आमची मार्गदर्शिका पंचविशीतली, हसतमुख, हातात पिवळी झेंडी घेतलेली. बस सुटण्यापूर्वी तिने आमची शिरगणती तीनदा केली. भारतीय प्रवाशांचा तिला पूर्वानुभव असावा!

तासाभराने मातीच्या सैन्यापाशी पोहोचलो. १९७४ साली दुष्काळाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी येथे विहीर खणायला घेतली आणि पाण्याऐवजी हाती लागले मातीचे शिपाई. पहिला खड्डाच २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. वर आगगाडीच्या स्टेशनासारखे छप्पर, खाली रांगांमागून रांगा! एकूण पुतळे सुमारे ८,००० असावेत, असा अंदाज आहे. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. कोणाला झुपकेदार मिशा, कोणाचा बुचडा डावीकडे कललेला. “हा पाहा आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी!” असे कोणी तरी म्हणाले आणि मग प्रत्येकाला आपापले नातलग दिसू लागले.

हे पुतळे मुळात रंगवलेले होते. जमिनीतून बाहेर आले की कोरड्या हवेने काही मिनिटांतच रंग सुटतो, म्हणून पुढचे खोदकाम फार जपून चालते. काही पुतळ्यांवर कारागिरांची नावे उमटवलेली आहेत. ती कौतुकासाठी नव्हेत. काम वाईट निघाले तर कोणाला धरायचे ते कळावे म्हणून! एवढा बंदोबस्त करणारा सम्राट छिन शी ह्वांग इ. स. पूर्व २१० मध्ये वारला आणि चार वर्षांत त्याचे घराणे बुडाले. सैन्य मात्र अजून पहाऱ्यावर आहे.

दुपारी तिखट तेलातले नि व्हिनेगरमधले गार ‘ल्यांगफी’ खाल्ले. शाकाहारी मंडळींचा जीव भांड्यात पडला. मग मिंग राजवटीत, चौदाव्या शतकात बांधलेला तट. घेर जवळजवळ चौदा किलोमीटर, उंची बारा मीटर. वर इतका रुंद की भाड्याच्या सायकली मिळतात. आमच्यातल्या साठीच्या दोघांनी सायकली घेतल्या आणि त्यांच्या बायकांनी डोळे मिटून घेतले.

चारच्या सुमारास मनोऱ्यापुढच्या चौकात उतरलो. “हा भिक्षू श्वानत्सांग,” एका भव्य पुतळ्याकडे बोट दाखवून मार्गदर्शिका म्हणाली. “वानरराजाच्या गोष्टीतला. आमचे प्रत्येक मूल त्याला ओळखते.”

आम्ही कोऱ्या चेहऱ्याने उभे. एवढ्यात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाई ओरडल्या, “अहो, हा तर आपला ह्युएनत्संग!”

आणि वर्ग सुरू झाला. बंदी असूनही हा भिक्षू इ. स. ६२९ च्या सुमारास गुपचूप निघाला, नालंदेला शिकला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ते ठेवण्यासाठी ६५२ मध्ये हा मनोरा उभारला. पुढे मरेपर्यंत, म्हणजे ६६४ पर्यंत, तो भाषांतरे करीत राहिला. त्यातल्या कित्येक ग्रंथांची संस्कृत मुळे भारतात नष्ट झाली. ती आज चिनीतूनच कळतात. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रातही येऊन गेला.

“काय लिहिले त्याने तुमच्याविषयी?” मार्गदर्शिकेने विचारले.

“उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत. अडचणीतला कोणी आला तर स्वतःला विसरून धावतात. आणि सूड घ्यायचा तर आधी बजावून घेतात.”

“अजून तसेच आहात?”

यावर कोणी बोलेना. बाईंनी मात्र जाहीर केले, “मी आत जाणार.” आणखी नऊ जण त्यांच्या मागे उभे राहिले. मुलीचा चेहरा उतरला. आत गेलो तर रेशमाचे दुकान बुडणार, आणि पाहुणे दुकानात नेले नाहीत तर तिला कचेरीत जाब द्यावा लागणार! “आम्ही पैसे भरले आहेत,” एक गृहस्थ तापून म्हणाले. त्यांचे चूक नव्हते. पण त्या दिवसाचा दंड त्या पोरीने का भरावा?

तोड बाईंनीच काढली. बारा जणांनी तिच्याबरोबर दुकानात जायचे आणि प्रत्येकी निदान एक रुमाल घ्यायचा. दहा जणांनी मनोरा पाहून बरोबर साडेपाचला दाराशी यायचे. मुलगी घटकाभर घुटमळली. मग तिने आपली पिवळी झेंडी बाईंच्या हाती दिली.

लाकडी जिने चढून आम्ही सातव्या मजल्यावर गेलो. चारी दिशांना खिडक्या, खाली सरळ आखलेले रस्ते. बाई दक्षिणेच्या खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. साडेपाचला पाच मिनिटे कमी असताना आम्ही दाराशी हजर होतो. बस आली. मुलीने शिरगणती केली, फक्त एकदाच.

रात्री मोहल्ल्यात मांसाहारी मंडळी रोटीचे बारीक तुकडे करून मटणाच्या रश्श्याची वाट पाहत बसली. रिवाज असा, की तुकडे पाहुण्यानेच करायचे. आम्ही तळलेल्या तेंडूफळाच्या गोड वड्यांवर ताव मारला. तेवढ्यात मार्गदर्शिका मोबाइल घेऊन बाईंशेजारी येऊन बसली. तिने भिक्षूचा मूळ चिनी मजकूर शोधून काढला होता. जुनी भाषा अडखळत वाचता वाचता एका नावापाशी ती थांबली आणि पुन्हा सावकाश उच्चारली, “मो-ह-ला-छा.”

“महाराष्ट्र,” बाई म्हणाल्या, आणि तिच्याकडून पुढची ओळ वाचून घेऊ लागल्या.